एका दोरीत दोनशे मीटर

एकतीस सेकंद म्हणजे किती, तर मी ज्या लिफ्ट दुरुस्त करतो त्यातली एखादी म्हातारी लिफ्ट तळमजल्यावरून सहाव्यावर जाते तेवढा वेळ. माणूस आरशात केस बघतो, खिशात चाव्या चाचपतो, तोवर दार उघडतं. तेवढ्या वेळात मी माझ्या बहिणीचं काय करून ठेवलं ते सांगतो. आज चार दिवस झाले, मी अजून सुन्न आहे. जेवताना घास हातातच राहतो आणि बायको म्हणते, "अहो, तो गिळा आधी."

माझी बहीण माझ्याहून अकरा वर्षांनी धाकटी. ती सहा वर्षांची असताना ताप आला, आणि उतरला तो तिचे डोळे घेऊनच. उजेड-अंधारसुद्धा कळत नाही तिला. एका मोठ्या दवाखान्यात कामाला आहे. डॉक्टर लोक आपले रिपोर्ट बोलून रेकॉर्ड करून ठेवतात, ते ऐकून ही टाइप करते. रेकॉर्डिंग साधं नाही लावत, अडीचपट वेगाने लावते. मी एकदा ते कानाला लावून बघितलं, तर नुसता चिवचिवाट. ती त्यातून रोग, औषधं, तारखा, सगळं बिनचूक उचलते, आणि वर मला सांगते की ह्या डॉक्टरांचं आज घरी भांडण झालेलं दिसतंय. विचारलं कशावरून, तर म्हणे आवाजावरून.

मी लांब पल्ल्याचा धावणारा. बावीस वर्षं धावतोय. बेचाळीस किलोमीटरच्या सतरा शर्यती पुऱ्या केल्यात, एकही अर्धवट सोडलेली नाही. नऊ वर्षांपूर्वी ही म्हणाली, "दादा, मलाही ने." तेव्हापासून आम्ही दोघं एका दोरीने धावतो. दोरी म्हणजे काही मोठी भानगड नाही. वीतभर लांब, दोन टोकांना दोन फासे. एक माझ्या उजव्या हातात, एक तिच्या डाव्या. बाकी सगळं काम तोंडाचं. "डावीकडे लांब वळण." "पाच पावलांवर गतिरोधक." "खड्डा, माझ्याकडे ये." मी बोलायचं आणि तिने करायचं. नऊ वर्षांत तिचा गुडघा एकदाही फुटला नाही. ह्याचा मला गर्व होता, लपवत नाही. लोक विचारायचे, ती घाबरत कशी नाही? मी छाती पुढे काढून सांगायचो, मी आहे ना बरोबर.

गेल्या वर्षी एकवीस किलोमीटर धावून आम्ही बाकावर बसलो होतो. मी घामाने निथळत होतो आणि ही बाई नुकतीच झोपेतून उठल्यासारखी ताजीतवानी. बुटाची नाडी सोडता सोडता म्हणाली, "दादा, मला आता दोनशे धावायचंय."

"दोनशे किलोमीटर? वेड लागलंय का?"

"मीटर."

मला हसूच आलं. दोनशे मीटर ही काय शर्यत झाली? बस सुटायला लागली की पोट सुटलेला माणूसही तेवढं धावतो. मी तसं म्हणालोही. ती म्हणाली, "मला एकदा जोरात धावून बघायचंय. तुझ्याबरोबर नऊ वर्षं मी सांभाळून धावले."

हे मला फार लागलं. सांभाळून कोण धावलं? सांभाळलं मी. पण मी गप्प बसलो, कारण मी बोललो असतो तर तिनेही दोन शब्द ऐकवले असते, आणि ती ऐकवते तेव्हा माझी बोलती बंद होते.

तिने स्वतःच चौकशी करून एक कोचबाई गाठल्या. त्या एकेकाळच्या शंभर मीटरवाल्या. एक गुडघा कामातून गेलेला, गळ्यात शिटी, आणि बोलणंही त्यांच्या शर्यतीएवढंच. आम्हाला बघून म्हणाल्या, "दोघं पळा. शंभर. जोरात."

मी आपला माझ्या सवयीने निघालो. पहिले काही मीटर अंग मोकळं करायचं, मग श्वास बसवायचा, मग हळूहळू वेग धरायचा, हे माझ्या हाडात मुरलेलं. मी अजून अंगच मोकळं करत होतो, तोवर माझा उजवा खांदा निखळतो की काय असा हिसका बसला. दोरी पुढच्या बाजूला ताणली गेली होती. नऊ वर्षांत दोरी कधी पुढे ताणली गेली नव्हती. माझी आंधळी बहीण मला ओढत नेत होती. एखादा हट्टी बोकड ओढत न्यावा तशी. शंभर मीटर संपले तेव्हा मी गुडघ्यांवर हात टेकून उभा, डोळे पांढरे, घशात रक्ताची चव. आणि ती विचारतेय, "झालं? एवढंच?"

मी हबकलो. दमलो म्हणून नाही. ही पोरगी इतक्या वेगात धावू शकते हे मला माहीतच नव्हतं, म्हणून. म्हणजे नऊ वर्षं ती माझ्या चालीने चालली होती आणि मी समजत होतो की मी तिला चालवतोय.

कोचबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुमची गाडी तापायला अर्धा तास लागतो. इथे अर्ध्या तासात लोक आंघोळ करून घरी जातात." मग तिला म्हणाल्या, "तुला दुसरा गाइड देते. एक पोस्टमन आहे माझ्याकडे. चारशे मीटर धावतो. चांगला आहे."

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, पोस्टमन असो नाहीतर आणखी कोणी, दोरी माझ्याच हातात राहील. कोचबाईंनी खांदे उडवले आणि तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, "दादाच असू दे. त्याने सांगितलं की मला विचार करावा लागत नाही."

पुढचे आठ महिने माझे जे हाल झाले ते मी वैऱ्यालाही सांगणार नाही. कमी अंतर म्हणजे कमी त्रास, हा माझा भ्रम पहिल्याच आठवड्यात उतरला. लांबच्या शर्यतीत दुखतं, पण ते दुखणं ओळखीचं, हळूहळू येतं, बसतं, बोलतं. हे दुखणं दार न वाजवता आत घुसायचं. दोनदा मी मैदानाच्या कडेला ओकलो. पायऱ्या उतरता येईनात म्हणून मी, लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, एक मजला उतरायला लिफ्टने जायला लागलो. बायको एकदम खूश होती. म्हणाली, "बेचाळीस किलोमीटर धावून आलात तरी तुमच्यात भांडायला दम उरायचा. हे दोनशे मीटर बरे आहेत."

पण मी जमवलं. चव्वेचाळिसाव्या वर्षी मी नव्याने धावायला शिकलो. आधी दोरी पुढे ताणलेली असायची, मग जरा सैल झाली, मग आम्ही बरोबरीने यायला लागलो. चौतीस सेकंदांवरून बत्तीसवर, बत्तीसवरून एकतीसवर.

कोचबाईंनी एकच गोष्ट माझ्या डोक्यात खिळ्यासारखी ठोकून बसवली होती. रेषा आधी तिने ओलांडायची. आधी तिची छाती, मग तुमची. गाइड बोटभर जरी आधी गेला तरी ती बाद. हा नियम मला नवा नव्हता, लांबच्या शर्यतीतही आहे. पण तिथे शेवटचा अख्खा किलोमीटर असतो, त्यात गाइड निवांत अर्धं पाऊल मागे सरकतो. इथे मागे सरकायला मिळतो तो एका पावलाचा वेळ. मी रोज झोपताना स्वतःला बजावायचो, आधी ती, मग मी.

देशाच्या संघात दोनशे मीटरसाठी तिच्या गटात एकच जागा होती. निवडीची शर्यत एकच, धावणाऱ्या चौघी, जी पहिली येईल ती परदेशातल्या स्पर्धेला जाणार. पुढची निवड चार वर्षांनी, आणि तेव्हा ही सदतीस वर्षांची असेल. कोचबाईंनी ते तोंडावर सांगून टाकलं होतं. माझ्या बहिणीने आजवर कधी काही मागितलेलं मला आठवत नाही. लहानपणी खेळणंसुद्धा नाही. पण ह्या वेळी तिने दवाखान्यात सगळ्या टायपिंग खोलीला सांगून ठेवलं होतं, आणि निवड व्हायच्या आधीच रजेचा अर्ज टाकला होता. साहेबांनी विचारलं, अजून नक्की नाही ना? ही म्हणाली, तुम्ही सही करून ठेवा. तिला हे किती हवं होतं ते मला त्या अर्जावरून कळलं.

शर्यतीच्या सकाळी मैदानावर पोचलो तर शेवटच्या रेषेवरचा कॅमेरा बिघडलेला. दोन माणसं त्याच्या पोटात डोकं घालून बसली होती. मी यंत्रांचा माणूस, मला दुरूनच कळलं की ह्यांना ठो काही समजत नाहीये. शेवटी ठरलं, रेषेजवळ तीन पंच खुर्च्या टाकून बसतील आणि डोळ्यांनी बघतील.

चौघींना मैदानावर आखलेल्या दोन-दोन पट्ट्या, एक धावणारीसाठी, एक गाइडसाठी. चौघींच्याही डोळ्यांवर काळी पट्टी, कुणाला अंधुक दिसत असेल तर फायदा नको म्हणून नियमच आहे तो. शेजारच्या पट्टीत एक उंच मुलगी होती आणि तिचा गाइड चांगला दांडगा. मी बहिणीच्या हाताला हात लावला तर तो थंडगार. म्हणालो, "वळण आहे साठ पावलं. मी सांगतो तेव्हा सरळ." ती म्हणाली, "बोलत राहा फक्त."

बार उडाला. वळणावर मी "वळण, वळण, वळण" म्हणत राहिलो, ती माझ्या शब्दाला चिकटून आली. "सरळ" म्हणालो तेव्हा ती उंच मुलगी आमच्यापुढे दोन हात होती. "जोर," मी म्हणालो. मला वाटतं तो माझ्या तोंडातून निघालेला शेवटचा शब्द. त्यानंतर श्वासच उरला नाही. तिने अशी काही मुसंडी मारली की माझे पाय माझे राहिले नाहीत. चाळीस मीटर राहिले तेव्हा बरोबरी, वीस राहिले तेव्हा आम्ही पुढे, आणि पुढे कोणीच नाही, नुसती पांढरी रेषा. मला रडू येत होतं, खरं सांगतो. आठ महिने ओकलो त्याचं चीज झालं होतं.

आणि रेषा आली.

बावीस वर्षं मी रेषा आली की एकच गोष्ट करतो. सगळे लांब पल्ल्याचे धावणारे करतात. उजवा हात डाव्या मनगटाकडे जातो आणि घड्याळाचं बटण दाबतो. वेळ थांबवायची. तिथे मी आधीच मागे सरकलेला असतो, त्यामुळे कुणाचं काही बिघडत नाही. सरावात मैदानावर हे कधी घडलं नव्हतं, कारण सरावात कोचबाईंची शिटी वाजली की थांबायचं असायचं, रेषेकडे कोण बघतो. पण त्या दिवशी रेषा होती, आणि माझा उजवा हात मला न विचारता निघाला. त्याच हातात दोरी होती. तिचा हात माझ्याकडे खेचला गेला, माझं अंग पिळलं, आणि माझा उजवा खांदा आणि छाती रेषेपार गेली. तिच्याआधी. तळहाताएवढी, पण आधी. आणि घड्याळ तर मी सुरूसुद्धा केलेलं नव्हतं. दाबून थांबवण्यासारखं त्यात काही नव्हतंच.

मला त्याच क्षणी कळलं. ती मात्र दोन्ही हात वर करून विचारत होती, "दादा, पहिली ना? पहिली?"

"पहिली," मी म्हणालो. ते खरंच होतं. दुसरी तिच्यामागे चांगली दीड पाऊल होती. कोचबाई, ज्यांना मी आठ महिन्यांत कधी पळताना बघितलं नव्हतं, त्या त्या मोडक्या गुडघ्यावर पळत आल्या आणि तिला मिठी मारली.

तेवढ्यात मुख्य पंचबाई आल्या. वयस्क, चष्म्याच्या, हातात फाइल. अगदी शांतपणे म्हणाल्या, "आमच्या मधल्या पंचांना शंका आहे. त्यांच्यासमोर नेमका शेजारचा गाइड आडवा आला. बाकी दोघांना सांगता येत नाही, आणि कॅमेरा नाही. तेव्हा तुम्हीच सांगा. रेषेवर पुढे कोण होतं, ही की तुम्ही? तुम्ही जे सांगाल ते मी लिहून घेते."

मी बहिणीकडे बघितलं. तिने डोळ्यांवरची पट्टी कपाळावर सरकवली होती. घाम गालावरून ओघळत होता आणि ती हसत होती. इतकी हसताना मी तिला कधी बघितलं नव्हतं.

"ती," मी म्हणालो.

अडखळलो नाही, चाचरलो नाही. मला स्वतःलाच धक्का बसला. आजवर मी खोटं बोललो असेन तर एवढंच, की पार्ट मागवलाय, उद्या येतोय. आणि इथे इतक्या सहज, पाणी मागावं तसं बोलून गेलो. पंचबाईंनी मान हलवली आणि पेन उघडलं.

माझ्या बहिणीचं हसू थांबलं.

"नाही," ती म्हणाली. "तो पुढे होता."

पंचबाईंचं पेन तसंच राहिलं. मी म्हणालो, "अगं, तुला काय दिसतंय?" हे मी म्हणालो. माझ्या तोंडून हे गेलं.

ती माझ्याकडे वळलीसुद्धा नाही. पंचबाईंना म्हणाली, "त्याने घड्याळ दाबलं. नेहमी दाबतो. माझा हात ओढला गेला तेव्हा रेषा यायची होती. दोरीतून कळतं मला."

"खात्री आहे?" पंचबाईंनी विचारलं. "तुम्ही म्हणालात म्हणून मी बाद लिहीन. मग ते खोडता येणार नाही."

"लिहा," ती म्हणाली.

कोचबाई तिथेच गवतावर बसल्या. पलीकडे त्या उंच मुलीला कोणीतरी सांगितलं, आणि तिच्या दांडग्या गाइडने तिला उचलूनच घेतलं. मी उभा होतो. मला ऐकू येत होतं, दिसत होतं. बहिणीने विचारलं, "वेळ किती होती?" मी तोंड उघडलं, पण तिने विचारलं होतं कोचबाईंना. कोचबाई म्हणाल्या, "तीस पूर्णांक आठ." एकतीसच्या आत ती कधीच आली नव्हती.

कपडे बदलायच्या खोल्यांबाहेर एक लांब बोळ आहे, तिथे बाकावर आम्ही दोघंच बसलो. कोचबाई कागदांवर सह्या करायला गेल्या होत्या. मी बडबडायला लागलो. घड्याळ काढून ठेवायला हवं होतं, माझी अक्कल चरायला गेली होती, मी तुझ्या चार वर्षांचं मातेरं केलं, तू पोस्टमनला घेतलं असतंस तर आज...

"घड्याळाचं राहू दे," ती म्हणाली. "सवय आहे, हात गेला. माझाही जातो. रागावले नाही त्यावर."

"मग?"

"तू 'ती' म्हणालास."

"तुझ्यासाठीच म्हणालो ना गं."

"माहितेय." तिने दोरी अजून हातात धरली होती, दोन्ही फासे एका मुठीत. "दादा, तू म्हणतोस खड्डा, मी पाय उचलते. तू म्हणतोस गाडी, मी थांबते. नऊ वर्षांत मी एकदा तरी विचारलं का, की खरंच आहे का? मला वाटायचं, तू खोटं बोललास तर मला आवाजावरून कळेल. मला सगळ्यांचं कळतं. डॉक्टरांचं कळतं, वहिनीचं कळतं."

मी बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली.

"आज तू पंचबाईंना 'ती' म्हणालास, तेव्हा मी कान देऊन ऐकलं. तू मला खड्डा सांगतोस ना, अगदी तोच आवाज होता. काडीचाही फरक नव्हता. दोरीने सांगितलं नसतं तर मी आनंदाने घरी गेले असते." तिने दोरी पिशवीत टाकली. "आता मी कशावरून ओळखायचं?"

मी म्हणू शकलो असतो की पुन्हा कधी खोटं बोलणार नाही. पण ते मी म्हणालो असतो तेही त्याच आवाजात.

थोड्या वेळाने ती उठली. म्हणाली, "चल, घरी जाऊ." मी दोघांच्या पिशव्या खांद्यावर घेतल्या. तिने नेहमीसारखं माझं कोपर धरलं, आणि माझा जीव जरा भांड्यात पडला. बोळ संपला, बाहेरचं दार आलं. बाहेर ऊन होतं, बस समोरच उभी होती.

"तीन पायऱ्या, खाली," मी म्हणालो.

ती थांबली. नऊ वर्षांत अशी कधी थांबली नव्हती. कोपर सोडलं नाही, पण उजवा पाय पुढे करून तिने पहिल्या पायरीची कड चाचपली. मग उतरली. दुसरीही तशीच, तिसरीही तशीच. लोक आमच्या बाजूने भराभर उतरून जात होते. खाली पोचल्यावर मी म्हणालो, "झाल्या." तरी तिने पाय पुढे करून आणखी एकदा चाचपलं, चौथी नाही ना म्हणून.